काठमांडूला राहायला जाताना: देवनागरी येते, पण नेपाळीचे काय?

प्रश्न (दादर)
यजमानांची बदली काठमांडूला झाली असून जूनमध्ये आम्ही तिघे मुंबई सोडत आहोत. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि लिपीही देवनागरीच, तेव्हा भाषेची अडचण येणार नाही, असे सगळे म्हणतात. हिंदीवर भागेल, की नेपाळी शिकायला आत्ताच सुरुवात करावी? मुलगी मराठी शाळेत तिसरीत आहे. तिचे मराठी सुटेल याची मला फार काळजी वाटते.

उत्तर (मुलुंड)
मी तिथे चार वर्षे राहिले. हिंदी पुष्कळांना समजते, पण ती समोरच्याला आलीच पाहिजे असे धरून बोललेले तिथे खटकते, आणि ते रास्तच आहे. २०१५ च्या संविधानानुसार देवनागरीतील नेपाळी ही सरकारी कामकाजाची भाषा असल्याने अर्ज आणि पावत्या नेपाळीत मिळतात आणि त्यांवरची तारीख विक्रम संवताची, म्हणजे आपल्या सनाच्या ५६-५७ वर्षे पुढची असते. अक्षरे ओळखीची असली तरी अर्थ पुष्कळदा वेगळा निघतो: ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आणि ‘कहाँ बस्नुहुन्छ?’ हा प्रश्न तुम्ही कुठे राहता याचा. असनच्या बाजारातली एक भाजीवाली टोमॅटो हातात धरून ‘गोलभेंडा’ आणि भेंडी दाखवून ‘रामतोरिया’ असे माझ्याकडून म्हणवून घेत असे. माझे निम्मे नेपाळी तिने शिकवले.

उत्तर (गिरगाव)
संबोधनाकडे लक्ष द्यावे. ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’ अशा पायऱ्या असून ओळख नसलेल्या कोणाशीही ‘तपाईं’च वापरावे, आपण बरोबरीच्या माणसाला सहज ‘तू’ म्हणतो, ती सवय तिथे आवरावी लागते. दुकानदाराला ‘दाइ’, बाईंना ‘दिदी’ म्हटले की बोलणे सोपे होते. उच्चारात मात्र आपल्याला एक गोष्ट आयती मिळते: नेपाळी ‘च’ हा ‘चमचा’तल्या ‘च’सारखा दंत्य आहे. काठमांडूच्या जुन्या वस्तीत नेवारीही कानावर पडेल, ती नेपाळीहून अगदी निराळी.

उत्तर (मुलुंड)
मुलीबद्दल लिहायचे राहिले. नेपाळी अभ्यासक्रमाच्या शाळेत नेपाळी शिकवतात आणि मुले ते लवकर उचलतात. मराठी टिकवणे मात्र सर्वस्वी घरावर राहील. चौथीची बालभारती इथूनच न्या, घरात मराठीशिवाय बोलू नका आणि आजीला दर आठवड्याला तिच्या हाताने पत्र लिहू द्या. माझ्या मुलाचे बोलणे टिकले, पण लिहिणे आम्ही दोन वर्षे मागे टाकले होते; ते भरून काढताना त्याला फार त्रास झाला.

प्रश्नकर्ती (दादर)
मनापासून आभार. आजीच्या पत्त्याची पाकिटे आजच आणून ठेवते.