मदत हवी आहे: पाटाकडील तालमीचा जुना फुटबॉल

मंडळी, आजोबांच्या ट्रंकेत एक ग्रुप फोटो सापडलाय. अकरा जण, दोघे अनवाणी, पुढच्याच्या मांडीवर शिवणीचा चामडी बॉल. पाटीवर ‘पाटाकडील’ एवढंच वाचता येतं, साल पुसलंय. आजोबा कोल्हापूरच्या पीटीएमकडून, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाकडून, खेळायचे म्हणे.

कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल संघ उभे केले. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, सगळ्या मूळच्या तालमीच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव खेळला, ते सगळ्यांना पाठ आहे. पण लाल मातीतला पैलवान बॉलमागे कधी धावू लागला, हे कुणी धड सांगत नाही. (आमचे काका प्रॅक्टिसवाले, म्हणजे प्रतिस्पर्धी प्रॅक्टिस क्लबचे, त्यांना विचारून उपयोग नाही!)

शाहू स्टेडियमवरच्या जुन्या सामन्यांची कात्रणं, हंगामाची पत्रकं कुणाकडे आहेत का? पेठेतल्या जुन्या खेळाडूंना फोटो दाखवायला मी स्वतः येईन.