कायदा आहे, पण मागणार कोण?
'देशात पैसा आला की कायदा आपोआप पाळला जातो' असं म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी-अथणी पट्ट्यात ऊस आहे, कारखाने आहेत, पैसाही फिरतो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं शेतकऱ्याचं बिल, म्हणजे उसाचे पैसे, द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आता हे व्याज मागितलेला शेतकरी दाखवा! आमच्या काकांचं बिल पावसाळा लागला तरी आलं नव्हतं, सोसायटीच्या कर्जाचं व्याज मात्र चालूच. वकील गाठा म्हटलं तर म्हणाले, "पुढच्या साली ऊसतोडीला मजुरांची टोळी कारखान्याऐवजी कोण पाठवणार, तुझा वकील?"

खरं दुखणं तिथंच आहे. तोड लांबली की ऊस फडात वाळतो, वजन घटतं. मग तोडीची तारीख ज्या कारखान्याच्या हातात, त्याच्याशी भांडणार कोण? सरासरी उत्पन्नाच्या आकड्यांत हे दिसत नाही. कोल्हापूरकडचे कारखाने इकडचा ऊस उचलायला लागले की इथली बिलंही जरा लवकर निघतात. आदेश तोच, अधिकारीही तेच. शेतकऱ्याला फक्त दुसरं गिऱ्हाईक मिळालेलं असतं.