हॉटेलच्या पॉइंटची रुपयांत किंमत कशी काढायची? ४६,००० बॉनव्हॉय पॉइंट शिल्लक आहेत

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामानिमित्त पुणे आणि हैदराबादचे मुक्काम होतात, त्यातून मॅरियट बॉनव्हॉयचे (मॅरियट हॉटेलांची सदस्य योजना) ४६,००० पॉइंट जमले आहेत. शिवाय आयएचजी आणि अॅकॉर या दुसऱ्या हॉटेल साखळ्यांचे अनुक्रमे ९,००० आणि ३,१०० आहेत. डिसेंबरात घरच्यांना घेऊन दोन रात्री हैदराबादला जायचा विचार आहे. आम्ही चौघं, मुलं ९ आणि १४ वर्षांची.

हैदराबादच्या एका हॉटेलात रात्रीचा भाव ८,२०० अधिक टॅक्स दिसतो, किंवा १७,००० पॉइंट. पुण्यातल्या एकात ६,९०० अधिक टॅक्स, किंवा १७,५०० पॉइंट. कमी पैशाच्या खोलीला जास्त पॉइंट, हे गणित काही लागेना, म्हणून विचारायलोय. एका पॉइंटची किंमत नेमकी किती धरायची? आणि हे पॉइंट आता वापरावेत की जमू द्यावेत?

देवगिरी_पायथा (छत्रपती संभाजीनगर)

दादा, पॉइंटला ठरलेला भाव नाही. तो प्रत्येक हॉटेलला आणि प्रत्येक तारखेला वेगळा निघतो. मॅरियट, हिल्टन, आयएचजी या तिघांनीही कुठल्या हॉटेलला किती पॉइंट याचे पूर्वीचे ठरावीक तक्ते बंद केले आहेत, त्यामुळे खोलीसाठी लागणारे पॉइंट मागणीप्रमाणे वरखाली होतात. पण रुपयांतला भाव आणि पॉइंटांतला भाव सोबत हलत नाहीत. तुमच्या पुणे-हैदराबादच्या आकड्यांतला फरक तिथूनच येतो.

हिशेब असा करायचा: वाचणारे रुपये भागिले लागणारे पॉइंट. आधी त्याच तारखेचा, त्याच खोलीचा, रद्द करता येणारा सदस्य भाव घ्या. पॉइंटवरची खोली बहुतेक वेळा ठरलेल्या मुदतीपर्यंत रद्द करता येते आणि पॉइंट परत खात्यात येतात. त्यामुळे तिची तुलना पैसे परत न मिळणाऱ्या स्वस्त भावाशी करू नका. नाश्ता धरलेला भावही घेऊ नका, पॉइंटवर साधारणपणे नुसती खोली मिळते.

मग त्यात जीएसटी मिळवा. इथे बरेच जण चुकतात. पॉइंटवर घेतलेल्या रात्रीच्या खोलीला सहसा टॅक्स लागत नाही, म्हणजे तुमची बचत टॅक्ससकट असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावर गेली की १८ टक्के लागतो. ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची थेट ८,९६८ ला. भावात १०० चा फरक, बिलात १,०९३ चा. म्हणून ७,५०० च्या जरा वरच्या खोल्या पॉइंटवर घेणं फायद्याचं आणि जरा खालच्या रोखीत घेणं फायद्याचं, असं सारखं दिसून येतं.

तिसरी गोष्ट, रोख दिले असते तर मिळाले असते ते पॉइंट. बॉनव्हॉयमध्ये बहुतेक ब्रँडवर टॅक्स सोडून प्रत्येक डॉलरला १० पॉइंट मिळतात. डॉलर ९० रुपये धरला तर ८,२०० च्या खोलीवर साधारण ९१० पॉइंट होतात. पॉइंटवर राहिलात की त्यांच्यावर पाणी सोडावं लागतं, म्हणून ते भागाकारात खाली मिळवायचे.

तुमचं हैदराबाद: ८,२०० वर १८ टक्के म्हणजे ९,६७६. खाली १७,००० अधिक ९१०, म्हणजे १७,९१०. भागाकार साधारण ५४ पैसे.

पुणे: ६,९०० वर ५ टक्के म्हणजे ७,२४५. खाली १७,५०० अधिक ७६५, म्हणजे १८,२६५. भागाकार साधारण ४० पैसे.

पुण्याची खोली रोखीत घ्या, पॉइंट तिथे घालवू नका. हैदराबादचा भाव ठीक आहे, फार चांगला नाही. बॉनव्हॉयसाठी मी साधारण ५५ पैसे ही खालची रेघ धरतो. ७० च्या वर निघाला तर विचार न करता वापरावेत. आयएचजी आणि हिल्टनचा पॉइंट याहून हलका आहे, त्यांना ३५-४० पैशांच्या वर मिळाले तरी चांगलं म्हणायचं.

अॅकॉरचं मात्र सरळ आहे. २,००० पॉइंट म्हणजे ४० युरोची सूट, मग तारीख कुठलीही असो. युरो १०० रुपये धरला तर एका पॉइंटचे २ रुपये होतात. किमान २,००० लागतात, म्हणजे तुमच्या ३,१०० पैकी आज २,००० चाच उपयोग आहे. त्यात हातचे राखून काही मिळत नाही, पुण्याच्या किंवा हैदराबादच्या पुढच्या आयबिस, नोव्होटेलच्या घरगुती बुकिंगमध्ये लावून टाका.

गोदातीर (नांदेड)

वरचा हिशेब बरोबर आहे, त्यात एक भर घालते. टॅक्स मिळवायचा की नाही, हे बिल कोण भरतंय त्यावर ठरतं. घरचा मुक्काम असेल तर पूर्ण टॅक्स मिळवा. पण ज्यांचं दुकान किंवा फर्म महाराष्ट्रात जीएसटीला नोंदलेली आहे आणि मुक्काम धंद्याचा आहे, त्यांना पुण्याच्या बिलावर जीएसटी नंबर टाकून क्रेडिट घेता येऊ शकतं, म्हणजे तो टॅक्स आपल्या देण्यातून वजा होतो. अशा वेळी टॅक्स बचतीत धरू नये. हैदराबादला तसं होत नाही. हॉटेल ज्या राज्यात, टॅक्स त्या राज्याचा. तेलंगणाचा सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) महाराष्ट्रातल्या नोंदणीवर मिळत नाही, तो खिशातूनच जातो. आपल्या नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यांचं अर्धं काम हैदराबादला असतं, त्यामुळे हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. धंद्यासाठीसुद्धा पॉइंट हैदराबादला वापरलेले जास्त फळतात.

आता मुदत. तुमच्या तिन्ही खात्यांत याचीच मला जास्त काळजी वाटते. बॉनव्हॉयचे पॉइंट २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर जातात. आयएचजीत साध्या सदस्याला १२ महिनेच मिळतात. अॅकॉरलाही १२ महिने. बॉनव्हॉय आणि आयएचजीत हालचाल म्हणजे पॉइंट मिळवणं किंवा वापरणं. बॉनव्हॉयमध्ये दुसऱ्या सदस्याला पॉइंट पाठवले तर ती हालचाल धरत नाहीत, एवढं ध्यानात असू द्या. नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या खात्यात वळवले, आता मुदत वाढली, असं समजून लोक निवांत बसतात आणि पॉइंट हातचे जातात. आज तिन्ही अॅप उघडून शेवटच्या नोंदीची तारीख वहीत लिहून ठेवा.

जमू द्यावेत का, याला माझं उत्तर नाही. बँकेत पैसे ठेवले तर व्याज मिळतं. पॉइंटला व्याज नाही, उलट तेवढ्याच खोलीला दरवर्षी जास्त पॉइंट लागत जातात आणि कंपनी ते कधीही बदलू शकते. वर्ष-दीड वर्षात कुठे वापरणार हे डोळ्यांसमोर असेल तेवढेच राखावेत.

बालाघाट_घाटमाथा (बीड)

हैदराबादच्या बेतात मला वेगळीच अडचण दिसते. तुम्ही चौघं आहात आणि थोरलं पोर १४ वर्षांचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांत साध्या खोलीत तिघांच्या वर घेत नाहीत, आणि १२ च्या पुढच्या मुलाला मोठं माणूस धरतात. पॉइंट टाकताना शोधात दोनच माणसं लिहिली तर १७,००० दिसतील, पण काउंटरवर चौघे उभे राहिले की जादा गादीचे पैसे टॅक्ससकट रोख मागतील किंवा दुसरी खोली घ्यायला लावतील. दोन खोल्या, दोन रात्री म्हणजे ६८,०००. तुमच्याकडे ४६,००० आहेत.

म्हणून शोधताना चौघांची खरी वयं टाका. त्यात खोली दिसलीच नाही तर हॉटेलला फोन करा, जादा गादी किती, नाश्ता माणशी किती, हे विचारून मेलवर लिहून घ्या. हे पैसे रोखीच्या भावात धरलेले असतील तर पॉइंटच्या हिशेबातही धरा, नाहीतर तुलना खोटी पडते. दोन खोल्या घ्याव्याच लागल्या तर एक पॉइंटवर आणि एक रोखीत घ्या. १७,००० च्या दोन रात्री म्हणजे ३४,०००, आणि १२,००० शिल्लक राहतील. रोखीच्या खोलीवर वर नवीन पॉइंटही मिळतील. बॉनव्हॉयमध्ये तुम्ही स्वतः एका खोलीत राहत असाल आणि पैसे तुम्ही भरले तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट तुमच्याच खात्यात येतात.

कमी पडले म्हणून पॉइंट विकत घेऊ नका. मॅरियटचा मूळ भाव १,००० पॉइंटला साडेबारा डॉलर आहे. ९० च्या भावाने एक पॉइंट एक रुपया बारा पैशांच्या आसपास जातो, शिवाय कार्डाचा परकीय चलनाचा आकार. ५४ पैशांच्या वस्तूला दुपटीहून जास्त कशाला द्यायचे? सवलत चालू असताना दोन-तीन हजार कमी पडत असतील तरच बघावं.

मांजराकाठ (लातूर)

चौघांचं खरंच लक्षात आलं नव्हतं. वयं टाकून पाहिलं, ती साधी खोली गायब झाली, मोठी खोली २४,००० ला दाखवते. रोखीत तीच ११,५०० अधिक टॅक्स.

अजून दोन शंका. मध्यंतरीचे काही मुक्काम खात्यात आलेच नाहीत, ते कंपनीच्या एजंटाने काढले होते. आणि बँकेचं मॅरियटवालं कार्ड घ्यावं का?

देवगिरी_पायथा (छत्रपती संभाजीनगर)

११,५०० वर १८ टक्के म्हणजे १३,५७०. खाली २४,००० अधिक १,२७५ धरा. ५४ पैसेच निघाले. पण चौघे एका खोलीत मावतात आणि जादा गादी नाही, तेव्हा हा सौदा आधीच्यापेक्षा सरस आहे. ४६,००० मध्ये दोन रात्री बसत नाहीत, २,००० कमी पडतात. एक रात्र पॉइंटवर आणि एक रोखीत, अशी दोन वेगळी बुकिंगं करा, आणि आदल्या दिवशी हॉटेलला कळवा म्हणजे मधे खोली बदलावी लागणार नाही. शुक्रवार-शनिवार जाणार असाल तर दोन्ही रात्रींचा भागाकार वेगवेगळा काढा आणि जिचे पॉइंटमागे जास्त पैसे निघतील तिला पॉइंट लावा.

पुढे कधी लांब मुक्काम असेल तर बॉनव्हॉयमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या की चारचेच पॉइंट जातात, सर्वांत स्वस्त रात्र वजा होते. पाचही रात्री एकाच बुकिंगमध्ये हव्यात.

पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचा विचार करू नका, बहुतेक कंपन्यांना ३ पॉइंटला १ मैल मिळतो. वस्तू आणि गिफ्ट कार्डातही भाव बराच कमी येतो.

गोदातीर (नांदेड)

न आलेल्या मुक्कामांबद्दल: मेकमायट्रिप, बुकिंगडॉटकॉम यांसारख्या साइटवरून काढलेल्या खोलीवर पॉइंट मिळत नाहीत, काउंटरवर सदस्य क्रमांक सांगितला तरी नाही. एजंटाने घाऊक किंवा ग्रुपच्या भावात घेतली असेल तरी तसंच. पण कंपनीचा हॉटेलशी ठरलेला भाव असेल तर सहसा मिळतात. तिथे नुसता क्रमांक लावायचा राहिला असेल तर अॅपमध्ये न आलेल्या मुक्कामाची मागणी करता येते. हॉटेलचं अंतिम बिल लागतं, ते तुमच्या नावावर हवं.

नावाचा घोळही तपासा. एजंट आधारवरचं तीन शब्दी नाव टाकतो, खात्यात नाव-आडनाव एवढंच असतं, कधी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसतं. मग नोंद जुळत नाही आणि मुक्काम अधांतरी राहतो. खात्यावरचं नाव ज्या ओळखपत्रावर खोली घेता त्यासारखं करून घ्या आणि एजंटाला सदस्य क्रमांकासोबत तेच नाव पाठवा. चेक-इनला काउंटरवर विचारायचं, "माझा क्रमांक या बुकिंगला लागलाय का?" नंतर मेल लिहीत बसण्यापेक्षा हे सोपं.

बालाघाट_घाटमाथा (बीड)

कार्डाचं: एचडीएफसीचं बॉनव्हॉय कार्ड वर्षाला ३,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४० ला पडतं. त्यावर १५,००० पॉइंटपर्यंतची एक रात्र मिळते, ती वर्षभरात वापरावी लागते. मॅरियटच्या बिलावर दर १५० रुपयांना ८ पॉइंट, प्रवास-जेवणावर ४ आणि इतर खर्चावर २. ५५ पैशांनी २ पॉइंट म्हणजे १५० ला १ रुपया १० पैसे, पाऊण टक्काही नाही. तेव्हा किराणा, खत-बियाण्यांच्या खर्चासाठी हे कार्ड घेऊ नका. फक्त त्या एका रात्रीसाठी घ्यायचं असेल तर आधी बघा, तुमच्या नेहमीच्या गावात १५,००० च्या आत खोली दिसते का. तुम्ही दिलेल्या दोन्ही ठिकाणी साधी खोलीच १७,००० किंवा त्याहून जास्त आहे, तिथे ती रात्र वापरायची तर वरचे पॉइंट खात्यातून घालावे लागतील. पुण्याच्या बाहेरच्या अंगाला, चाकण-हिंजवडीकडे शनिवार-रविवारी भाव उतरतो, तिथे शोधा. अटी बदलतात, अर्ज करण्याआधी बँकेच्या पानावर वाचून घ्या.

देवगिरी_पायथा (छत्रपती संभाजीनगर)

कुणाला वेरूळ-अजिंठ्यासाठी पॉइंट वापरायचे असतील तर: इथलं विवांता ताजचं, म्हणजे टाटांचं आहे. तिथे बॉनव्हॉय चालत नाही, न्यूकॉइन (टाटांचे स्वतःचे पॉइंट) चालतात, आणि एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, त्यामुळे भागाकार करायचीच गरज नाही. शोधताना छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद दोन्ही नावं टाका, आणि बुक करण्याआधी राज्य बघा, बिहारमध्येही औरंगाबाद आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, रात्री त्या हिशेबाने ठरवा.

मांजराकाठ (लातूर)

आभार सगळ्यांचे. शुक्रवारच्या रात्री ५१ पैसे निघाले आणि शनिवारच्या ६३. शनिवार पॉइंटवर काढला, शुक्रवार रोखीत. आयएचजीची शेवटची नोंद मार्चची आहे, म्हणजे मार्चच्या आत तिथे एक मुक्काम करावा लागेल. एजंटाला नाव आणि क्रमांक आजच पाठवतो.