‘धोरणांची उसनवारी’ म्हणावे का?

अनुवादक: भारतात तौलनिक शिक्षणाचे, म्हणजे देशोदेशींच्या शिक्षणपद्धती ताडून पाहण्याचे, संशोधन कसे वाढले, या विषयावरील लेखाचा अनुवाद करत आहे. एका देशाने दुसऱ्याचे शैक्षणिक धोरण उचलणे, म्हणजे ‘पॉलिसी बॉरोइंग’, यासाठी मी ‘धोरणांची उसनवारी’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘अनुकरण’ केले. उसनवारी चुकीची आहे का?

निवृत्त शिक्षक: उसनी नेलेली वाटीभर साखर परत करावी लागते, धोरण कोणी परत केल्याचे ऐकिवात नाही. सरळ ‘आयात’ म्हणावे.

जुना वाचक: मग ‘उसने अवसान’ कोण परत करतो? शिवाय आयात काय किंवा अनुकरण काय, दोन्ही शब्दांत घेणाऱ्याची अक्कल गृहीतच धरलेली नाही. भारतीय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १९६४-६६ च्या कोठारी आयोगावर ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, सोव्हिएत संघ आणि जपान येथील तज्ज्ञ होते, परंतु सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, आणि बाहेरचे जे काही घ्यायचे ते इथल्या गरजांशी ताडून घ्यावे, अशीच ती रचना होती.

शब्दवेडा: ‘कलम’ कसे वाटते? ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी १९०० साली इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या व्याख्यानात परकीय शिक्षणपद्धतींना बागेचीच उपमा दिली होती. पुढे १९१७ मध्ये तेच कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष म्हणून इकडे आले.

जुना वाचक: उपमा दिली, पण उलट अर्थाने! इकडची फुले आणि तिकडची पाने तोडून घरच्या मातीत खोचल्याने जिवंत झाड उभे राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कलम मात्र जगते.

निवृत्त शिक्षक: मला तर ‘तौलनिक’ हाच शब्द खटकतो. ‘तुलनात्मक’ सर्वांना कळतो.

शब्दवेडा: तो हिंदीच्या वळणाचा आहे. तुला, तोलणे, तोळा ही सगळी एकाच घरची मंडळी असल्याने ‘तौलनिक’मध्ये पारड्यात घालून पाहणे आपोआप येते. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश तळाशी गेले, प्रश्न आपल्या सामाजिक-सांस्कृतिक संदर्भाला धरून नव्हते असा आक्षेप सरकारने घेतला आणि पुढच्या फेऱ्यांपासून देश दूर राहिला. त्या क्रमवारीला तौलनिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निवृत्त शिक्षक: मापच नाकारायचे, तर तोलणार कशाने? आणि ‘तुलनात्मक’ हा शब्दही संस्कृतच आहे. हिंदीने वापरला म्हणून तो बाटला का?

अनुवादक: मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. दरम्यान संपादकांनी आता ‘धोरणग्रहण’ सुचवले आहे.

जुना वाचक: खग्रास की खंडग्रास, तेही विचारून घ्यावे.