प्राथमिक निवडणुकीतील भूमिकाबदल : मतपरिवर्तन कोणते आणि सोय कोणती?

चौकस

अमेरिकेत अध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी ज्या प्राथमिक निवडणुका होतात, त्या काळात नेत्यांच्या भूमिका इतक्या झपाट्याने कशा बदलतात, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. गर्भपातासाठी काही अपवाद वगळता केंद्र सरकारचा निधी वापरू न देणाऱ्या, १९७६ पासूनच्या ‘हाइड दुरुस्ती’ला जो बायडन यांचा वर्षानुवर्षे पाठिंबा होता. जून २०१९ मध्ये त्यांच्या प्रचारयंत्रणेने तो कायम असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी अटलांटा येथील भाषणात त्यांनी तो काढून घेतला. अनेक राज्ये गर्भपाताच्या हक्कावर घाला घालत असल्यामुळे परिस्थिती बदलली आहे, हे त्यांनी दिलेले कारण गैर नव्हते. पण ती परिस्थिती आदल्या दिवशीही तशीच होती. अशा वेळी मत खरोखर बदलले की केवळ वाऱ्याकडे पाहून पाठ फिरवली, हे मतदाराने कशावरून ठरवावे?

मक्याच्या_मुलखातून

मी आयोवात राहतो, म्हणून इथलेच उदाहरण देतो. मक्यापासून इथेनॉल बनवून ते पेट्रोलमध्ये मिसळण्याची केंद्र सरकारची सक्ती हा इथल्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि १९७२ पासून उमेदवार निवडीची सुरुवात बहुतेक वेळा याच राज्यातून होत आल्यामुळे भल्याभल्यांना इथे येताच इथेनॉलचे गुण दिसू लागतात. न्यूयॉर्कच्या सिनेटर असताना हिलरी क्लिंटन यांनी इथेनॉलच्या सक्तीविरुद्ध मतदान केले होते. २००८ च्या उमेदवारीसाठी त्या इथे आल्या, तेव्हा त्याच इंधनाच्या पुरस्कर्त्या झाल्या होत्या. उलट टेड क्रूझ यांनी २०१६ मध्ये ही सक्ती टप्प्याटप्प्याने संपवण्याचा आग्रह सोडला नाही. राज्याच्या गव्हर्नरांनी, तेही त्यांच्याच पक्षाच्या, ‘यांना पाडा’ असे जाहीरपणे सांगितले, तरीही क्रूझ इथे पहिले आले. त्यामुळे ‘मतदारांपुढे आमचा नाइलाज होता’ ही सबब मला फारशी पटत नाही.

जुना_वाचक

या विषयात मला सर्वांत बोलके वाटते ते जॉन मॅकेन यांचे २००० मधील प्रकरण. दक्षिण कॅरोलायनाच्या विधानभवनावर तेव्हा गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेतील राज्यांचा ध्वज फडकत असे. जानेवारीत एका दूरचित्रवाणी मुलाखतीत मॅकेन यांनी तो वंशभेदाचे आणि गुलामगिरीचे प्रतीक असल्याचे सांगितले. ते अर्थातच त्या राज्यातील रिपब्लिकन मतदारांना रुचणारे नव्हते. लगेच सारवासारव सुरू झाली आणि तोच ध्वज वारशाचे प्रतीक ठरला. पुढे कोणी प्रश्न विचारला की मॅकेन खिशातून एक कागद काढून त्यावरचे ठरीव उत्तर वाचून दाखवत. एरवी मनात येईल ते बोलून टाकणाऱ्या माणसाला एका वाक्यासाठी कागद लागावा, यातच सर्व काही आले. एवढे करूनही १९ फेब्रुवारीला ते जॉर्ज बुश यांच्याकडून हरले. एप्रिलमध्ये त्याच राज्यात, कोलंबिया येथे परत जाऊन त्यांनी कबूल केले की, खरे बोललो तर इथे जिंकणार नाही या भीतीने आपण तत्त्वाशी तडजोड केली होती.

माझी कसोटी यातूनच निघते. बदललेली भूमिका उमेदवार स्वतःच्या शब्दांत, आडवे प्रश्न झेलत मांडू शकतो का, हे पाहावे. मत बदललेल्या माणसाला जुन्या मताविषयीही सांगण्यासारखे काही असते. सोय पाहणारा मात्र जुने मत जणू कधी नव्हतेच असे वागतो.

नर्मदाकाठ

मॅकेन यांच्या कबुलीचे मोल मला तितके वाटत नाही, कारण ती उमेदवारीची आशा संपल्यानंतर आली. शिवाय एक वेगळा मुद्दा. पक्षाच्या मतदारांनी दबाव आणला आणि नेत्याने ऐकले, तर त्याला ढोंग का म्हणावे? प्राथमिक निवडणूक असते ती त्यासाठीच. बायडन यांच्या अंतःकरणात काय होते याच्याशी मला कर्तव्य नाही. अध्यक्ष झाल्यावर २०२१ मध्ये त्यांनी पहिल्याच अर्थसंकल्पी प्रस्तावातून हाइड दुरुस्ती वगळली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती कायम ठेवली, हा भाग वेगळा.

चौकस

‘जुना वाचक’ आणि ‘नर्मदाकाठ’, दोघांचेही आभार. पण नेत्याने पक्षाच्या मतदारांचे ऐकले आणि नंतर सर्वसाधारण निवडणुकीत देशाचे ऐकून ते परत फिरवले, तर?

जुना_वाचक

त्याचे उत्तर कमला हॅरिस यांच्या बाबतीत मिळते. सप्टेंबर २०१९ मध्ये, उमेदवारीच्या शर्यतीत असताना, खडक फोडून वायू काढण्याच्या पद्धतीवर, म्हणजे फ्रॅकिंगवर, बंदी घालण्यास आपला निःसंदिग्ध पाठिंबा असल्याचे त्यांनी सांगितले. त्या डिसेंबरमध्येच शर्यतीतून बाहेर पडल्या आणि २०२० मध्ये बायडन यांच्या जोडीने लढताना बंदी येणार नसल्याची ग्वाही देऊ लागल्या. २०२४ मध्ये त्यांना प्राथमिक निवडणूक लढवावीच लागली नाही, तरी फ्रॅकिंगवर अनेकांचा रोजगार अवलंबून असलेल्या पेनसिल्व्हेनियात विरोधकांनी २०१९ मधील तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली. बंदी घालणार नाही हे त्यांनी ठामपणे सांगितले. परंतु मत का बदलले याचे उत्तर ‘माझी मूल्ये बदललेली नाहीत’ याच्या फारसे पुढे गेले नाही, आणि पेनसिल्व्हेनिया हातचे गेले. त्या पराभवाला इतरही कारणे होती, हे मान्य आहे.