चाकांवरचं घर आणि गाणी ऐकायची खोड: अनुभव लिहा

तारसप्तक
माळा आवरताना कॅसेटींचा खोका हाती लागला आणि डोक्यात चक्र सुरू झालं, म्हणून हा धागा. मोटरहोम घेऊन रानात राहणारे आणि गाण्याशिवाय न जमणारे इथे बरेच आहेत. वीज, जागा, शेजारी, ओल, खडखडाट, ज्याला जे माहीत ते लिहा.

विजेपासून सुरू करतो. १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॅट-तास. क्लास डी ॲम्प (कमी वीज खाणारा ॲम्प्लिफायर) मध्यम आवाजात १०-१५ वॅट घेतो, चार तास ऐकलं तरी ६० वॅट-तासांत भागतं. बॅटरी पिते तो इन्व्हर्टर. काही न लावता नुसता चालू ठेवला तरी १०-२० वॅट जातात, म्हणजे दिवसाला २४० ते ४८०. गाण्यासाठी इन्व्हर्टर लावूच नका. ॲम्प थेट १२ व्होल्टवर चालणारा घ्या. १९ किंवा २४ व्होल्टचा असेल तर मध्ये स्टेप-अप कन्व्हर्टर.

घरघर
छान धागा. इंजिन बंद असतानाही स्पीकरमधून बारीक कुईईई येतं. उपाय?

मंद्र
@घरघर, इंजिन चालू करून रेस द्या. रेसबरोबर सूर चढला तर तो अल्टरनेटर. बंद असताना येत असेल तर कधी येतो ते बघा, फक्त उन्हात की रात्रीही?

घरघर
उन्हात! रात्री चिडीचूप.

मंद्र
मग सोलरचा चार्ज कंट्रोलर. त्यातलं स्विचिंग तारांमधून ॲम्पमध्ये शिरतंय. सिग्नलची तार पॅनेलच्या तारांना समांतर नेली असेल तर लांब घ्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. कंट्रोलरजवळ दोन्ही तारांवर फेराइटची क्लिप (तारेतला असला गोंगाट अडवणारा चुंबकीय तुकडा).
तरी राहिलं तर ग्राउंड लूप तपासा, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी ग्राउंडला जोडली जाऊन आवाज शिरतोय का ते. फोनचा चार्जर काढून फोन त्याच्याच बॅटरीवर वाजवा. आवाज गेला तर लूप चार्जरमधून येतोय, त्याला आयसोलेटेड (आत-बाहेरची जोडणी तोडलेला) डीसी-डीसी कन्व्हर्टर लागेल. ऑक्सच्या तारेत लावायचे स्वस्त आयसोलेटर चालतात, पण आतला ट्रान्सफॉर्मर छोटा असला की खर्ज खाऊन टाकतो. ब्लूटूथनं हा लूप तुटतो, अगदी कंटाळा असेल तर ते.

डांबरी
तारेची जाडी कुणी बोललं नाही. बॅटरी ते ॲम्प ५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन १०. २.५ चौरस मिमीच्या तांब्यात १० ॲम्पिअरला ०.७ व्होल्ट गळतात, ४ चौरस मिमीत ०.४४. ढोलकीच्या थापेला ॲम्प बंद पडून परत सुरू होतो त्याचं कारण पुष्कळदा हेच. आणि फ्यूज बॅटरीला चिकटून, ॲम्पच्या टोकाला नाही. तार मध्येच घासून शॉर्ट झाली तर ॲम्पकडचा फ्यूज नुसता बघत बसतो.

सतरंजी
आमच्याकडे श्वानमहाराज खर्ज सुरू झाला की टेबलाखाली. त्याला कुठला फ्यूज? 😀

डांबरी
सतरंजीताई, सबवूफर विका, महाराज ठेवा.

कोमलऋषभ
सबवूफर तसाही गाडीत अवघड. आतली रुंदी १.८ मीटर धरली तर ९५ हर्ट्झच्या आसपास दोन भिंतींमध्ये आवाज घुमतो. बेस भरपूर आहे असं वाटतं, असतो एकच सूर. इक्वलायझरमध्ये तिथे ४-६ डेसिबल अरुंद कात्री लावा. स्पीकर गाडीच्या लांबीच्या दिशेनं तोंड करून ठेवा, मागच्या दाराला जाड पडदा.
खडखडाट शोधायला २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा एकच सूर) सावकाश वाजवा. जिथे काही थरथरलं तिथे थांबवून हात ठेवत जा. चमच्यांचा ड्रॉवर, पडद्याची पट्टी, छतावरच्या झरोक्याची जाळी हे नेहमीचे. फेल्टची पट्टी पुरते.

भटकभवानी
रेकॉर्ड प्लेअरवाले कुणी? स्टॅबिलायझर जॅक (उभी गाडी हलू नये म्हणून खाली टेकवायचे पाय) लावले तरी कुणी आत चाललं की सुई उडते.

मंद्र
जॅक हलणं कमी करतात, थांबवत नाहीत. प्लेअर जमिनीवरच्या कपाटावर नको, भिंतीला घट्ट बसवलेल्या फळीवर. स्पिरिट लेव्हल प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीवर) ठेवून सपाटी बघा, गाडीची सपाटी वेगळी. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) मर्यादेच्या वरच्या टोकाला, म्हणजे १.५ ते २ ग्रॅम मर्यादा असेल तर २ ग्रॅम. दाब कमी ठेवला की सुई उडत राहते आणि खाचही जास्त खराब होते. प्रवासात टोनआर्म बांधून, सुईवर टोपी. रेकॉर्डी उभ्या, घट्ट, उन्हाच्या बाजूला कधीच नाही. बंद गाडीत काचेजवळ त्या सहज वाकतात.

भटकभवानी
🙏 भिंत पातळ आहे पण, फळी पेलेल का?

डांबरी
पत्र्यात नको, आतल्या सांगाड्याच्या पट्टीत रिव्हनट (एका बाजूनं बसवता येणारा आटेवाला रिव्हेट).

सतरंजी
शेजाऱ्यांचं सांगा ना कुणी. गाडी आमची, मैफल सगळ्या रानाची असं होतं.

कोमलऋषभ
मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकर कानापासून २ मीटरवर ठेवण्याऐवजी अर्ध्या मीटरवर आणा आणि आवाज तेवढा उतरवा. कानाला तेवढंच ऐकू येईल, लांबच्या तंबूला १२ डेसिबल कमी. शांत रात्री जमिनीलगतची हवा गार झाली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांब जातो, म्हणून दुपारी चालणारा आवाज रात्री चालत नाही. खर्ज तर पातळ भिंतीतून सरळ बाहेर.
रात्री हेडफोन. ओपन-बॅक असतील तर बाहेरची चाहूल कळते, पण शेजारी झोपलेल्यालाही गाणं कळतं. त्याच्यासाठी क्लोज्ड.

तारसप्तक
गाडी चालवताना हेडफोन नकोतच. रस्त्याच्या घरघरीत आलापी बुडते म्हणून आवाज वाढवला जातो आणि तार सप्तकात कान फुटतात. प्लेअरमध्ये कॉम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) असेल तर ते फक्त चालत्या गाडीत लावा.

घरघर
माझं नाव घेतलंत का? 😄 फेराइट लावलं, कुईई निम्मं झालं. तार उद्या.
नेटवर्क नसतं तिथे काय करता?

मंद्र
एसएसडीवर फ्लॅक (दर्जा न घटवता छोटी केलेली गाण्याची फाइल). अल्बम साधारण ३००-४०० एमबी, १ टीबीत अडीच हजारांच्या पुढे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क धक्क्यांना नको. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन गेल्याशिवाय चालत नाहीत, लांबच्या मुक्कामाआधी हे बघा. रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा संगणक) वापरत असाल तर त्याला स्वतंत्र ५ व्होल्टचा कन्व्हर्टर द्या. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं, पाय रीबूट होतो, मेमरी कार्ड बिघडतं.

डांबरी
थंडीत पहाटे ॲम्पवर दव धरलं असेल तर लगेच चालू करू नका. आधी गाडी गरम होऊ द्या, कोरडं झालं की मग. शून्याखाली लिथियम चार्ज करायचीच नाही, सोलर असलं तरी.

सतरंजी
चमच्यांच्या ड्रॉवरला फेल्ट लावलं, आता तो बंदच होत नाही.

कोमलऋषभ
१ मिमीचं घ्या ताई. आणि तळाला, कडांना नको.