तारेच्या मोराची मान भरत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वेलीने झाकून हिरवा करायचा म्हणून तारेचा मोर करून आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठासून भरलंय आणि बुडाशी क्रीपिंग फिगची चार रोपं लावलीत. ही वेल हवाई मुळांनी आपोआप धरून चढते, म्हणून तीच निवडली. पोट छान हिरवं झालं, पण मान अजून उघडीच! तिथलं मॉस दुपारपर्यंत कोरडं पडतं, हाताला अगदी कुरकुरीत लागतं, आणि कोवळे शेंडे वाळून जातात. केसांच्या पिनांनी टोचून बसवले, त्यातले दोनच टिकले. मानेत नवी कलमं थेट खोचू, की खालच्याच फांद्या वर नेऊन बांधू? शिवाय पोटावरचे लांब शेंडे आता खुडले तर वेल दाट होईल हे कळतंय, पण मग वर चढायला काय उरेल? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा ना, या मोरात जीव अडकलाय माझा.